आयकर परताव्याचा निरोप आणि आपले बँक खाते

(सातपूर येथे शेतकरी आणि महिला बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. कृषिविद्या शिकवणाऱ्या माणसाने टोमॅटोच्या लागवडीवर, खतांच्या मात्रांवर, फार तर द्राक्षबागेतील तणांवर बोलावे. आयकराशी त्याचा काय संबंध? आणि शेतकऱ्याचा तरी काय संबंध? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

परंतु सातपूर परिसरातील कुटुंबांची घडी पाहिली म्हणजे हा संबंध लगेच ध्यानात येतो. येथील आणि अंबडच्या शिवारातील जमिनी औद्योगिक वसाहतीला गेल्या, तेव्हापासून पुष्कळ घरांत एक पाय मळ्यात आणि एक पाय कंपनीत अशी स्थिती आहे. थोरला भाऊ गंगापूर किंवा गोवर्धनच्या बाजूला भाजीपाला करतो. धाकटा कारखान्यात पाळीवर जातो. वडिलांच्या नावावर जमिनीच्या मोबदल्याची किंवा निवृत्तीच्या पैशाची मुदत ठेव असते. एखाद्याची पिकअप गाडी कंपनीच्या मालवाहतुकीला लागलेली असते. म्हणजे एकाच घरात सातबारा आहे, पगाराची चिठ्ठी आहे आणि ठेवीची पावतीही आहे. पगारातून, ठेवीच्या व्याजातून आणि गाडीच्या भाड्यातून कर कापला जाऊ शकतो, आणि जादा कापला गेला तर तो परत मिळतो. त्यामुळे ‘तुमचा आयकर परतावा मंजूर झाला आहे’ असा निरोप मोबाईलवर आला, तर येथील माणसाला तो अगदीच परका वाटत नाही. फसवणारा नेमका याचाच फायदा घेतो.

दुसरी गोष्ट वेळेची. आयकर विवरणपत्रे भरण्याची आणि परतावे जमा होण्याची घाई साधारणपणे जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असते. खोट्या निरोपांचे पीकही याच हंगामात जोमाने येते. आपल्याकडे हाच काळ पीककर्जाची रक्कम खात्यावर येण्याचा आणि गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोचे पैसे होण्याचा. त्याच सुमारास द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीची तजवीज करून ठेवतात. छाटणीची मजुरी, डोळ्यांना लावायचे हायड्रोजन सायनामाईड, पुढच्या केवडा आणि भुरीच्या फवारण्या, असा सगळा पैसा खात्यावर उभा असतो. त्या आठवड्यात खाते रिकामे झाले तर नुसती रक्कम जात नाही, बागेचे वर्ष जाते. पैसे परत मिळवण्याचे प्रयत्न महिनोन्महिने चालतील, पण तोपर्यंत वेल थांबत नाही. म्हणून हा विषय पीक संरक्षणाइतकाच आपला आहे असे मी समजतो.

परतावा म्हणजे काय?

फसवणुकीचे प्रकार सांगण्यापूर्वी ही मूळ गोष्ट पक्की करून घेऊ, कारण ती पक्की असली की निम्मे काम होते. परतावा हे अनुदान नव्हे, बक्षीस नव्हे आणि सरकारी योजनेचा हप्ताही नव्हे. आपल्याकडून कराचे जे पैसे आधीच घेतले गेले, त्यांतील जास्तीचा भाग परत येतो, त्याला परतावा म्हणतात. ज्याचा रुपयाही कापला गेला नाही आणि ज्याने आगाऊ करही भरला नाही, त्याला परतावा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. न पेरलेल्या वाफ्यात रोप उगवलेले दिसले तर आपण त्याला तणच समजतो. येथेही तसेच समजावे.

एक हिशेब करून पाहू. समजा, बेळगाव ढगा येथील एका पन्नाशीच्या शेतकऱ्याची बँकेत ८ लाख रुपयांची मुदत ठेव आहे आणि व्याजाचा दर ७ टक्के आहे. वर्षाचे व्याज झाले ५६,००० रुपये. एप्रिल २०२५ पासून वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले की बँक त्यातून १० टक्के कर कापते. साठी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे. म्हणजे या शेतकऱ्याचे ५,६०० रुपये कापले जातील. बँकेला पॅन दिलेला नसेल तर हीच कपात २० टक्क्यांनी, म्हणजे ११,२०० रुपये होईल. त्याचे दुसरे उत्पन्न फक्त शेतीचे असेल तर त्याला कर लागू होत नाही. त्याने विवरणपत्र भरले की ५,६०० रुपये परत मिळतील. आता या माणसाला कोणी ‘आपला १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर’ असे कळवले, तर त्याने लिंक उघडण्याचे कारणच नाही. कापले ५,६००, मग परत येणार १५,४९० कोठून?

(कपातच टाळता येते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही त्यांनी तसे स्वयंघोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत द्यावे. १५जी आणि १५एच या नावांनी ते अनेक वर्षे लोकांच्या परिचयाचे आहे. ते दिले की पैसे कापले जात नाहीत आणि परताव्याच्या मागेही लागावे लागत नाही. आपल्याकडे पुष्कळजण ठेव ठेवतात, पण हा कागद द्यायचे विसरतात.)

कारखान्यात काम करणाऱ्या तरुणांनीही असाच हिशेब ठेवावा. आर्थिक वर्ष २०२५–२६ पासून नवीन करप्रणालीत सर्वसाधारणपणे १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. त्यामुळे येथील बऱ्याच कामगारांच्या पगारातून आता कपात होतच नाही. जेथे कपात नाही तेथे परतावा नाही. आपल्या पॅनवर किती कर जमा झाला आहे हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरणात दिसते. एकदा तो आकडा पाहून घरातल्या वहीत लिहून ठेवावा. मग निरोप खरा की खोटा हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

खोटा निरोप कसा बनवलेला असतो?

१५,४९० हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नेमक्या याच रकमेचा निरोप देशभर मोबाईलवर फिरत होता आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी विभागाने तो खोटा असल्याचे जाहीर केले होते. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तुमचा परतावा मंजूर झाला असून रक्कम लवकरच खात्यात जमा होईल, असे त्यात आधी म्हटलेले. नंतर एक खाते क्रमांक, मधले आकडे फुल्या मारून झाकलेला. आणि शेवटी, हा क्रमांक बरोबर नसेल तर खालील लिंकवर दुरुस्ती करावी, अशी सूचना.

तो खाते क्रमांक वाचणाऱ्याचा नसतोच. वाचणारा दचकतो. ‘अरे, माझे पैसे दुसऱ्याच्याच खात्यात चालले!’ असे त्याला वाटते आणि दुरुस्ती करायला तो स्वतःहून लिंकवर जातो. हाव नसलेला, सरळ स्वभावाचा माणूसही येथे फसतो, कारण त्याला वाटते की आपण चूक सुधारतो आहोत. लोक लोभामुळे फसतात असे आपण सहज म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. या निरोपात लोभापेक्षा घाईचा आणि काळजीचा वापर अधिक केलेला आहे.

लिंक उघडल्यावर पुढे काय होते, तेही आता लपून राहिलेले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये देशाच्या संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या घातक ॲपबद्दल इशारा दिला होता. सत्तावीसहून अधिक बँकांचे ग्राहक त्याचे लक्ष्य होते. पद्धत अशी की निरोपातील लिंकवरून आयकर विभागासारखेच दिसणारे पान उघडे. तेथे काही माहिती भरून घेतली जाई आणि पडताळणीसाठी म्हणून एक ॲप मोबाईलमध्ये टाकायला सांगितले जाई. ते ॲप आल्याबरोबर संदेश वाचण्याची आणि कॉलची नोंद पाहण्याची परवानगी मागे. मग पॅन, आधार, जन्मतारीख, बँक खाते, डेबिट कार्डाचा क्रमांक, त्यामागील तीन आकडे आणि पिनसुद्धा भरून घेतले जाई. शेवटी परताव्याची रक्कम दाखवून ‘खात्यात जमा करा’ असे बटण येई. बटण दाबले की काही बिघाड झाल्याचे आणि ॲप अद्ययावत होत असल्याचे चित्र पडद्यावर राही. माणूस त्या चित्राकडे पाहत बसे आणि दरम्यान त्याची सगळी माहिती, आलेल्या ओटीपीसह, भामट्याकडे पोहोचलेली असे.

‘मी ओटीपी कोणाला सांगितलाच नाही, तरी पैसे गेले’ असे काही लोक सांगतात, त्याचा उलगडा येथे होतो. संदेश वाचण्याची परवानगी एकदा ॲपला दिली की ओटीपी सांगावा लागत नाही. तो परस्पर वाचला जातो. हीच तऱ्हा पुढे पीएम किसानच्या हप्त्याच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या चलनाच्या नावाने आणि लग्नपत्रिकेच्या नावानेही वापरली गेली. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ज्या फाईलच्या नावाचा शेवट ‘एपीके’ असा आहे, ती फाईल कोणाकडूनही आली असो, उघडू नये. गावातल्या गटावर ओळखीच्या माणसाकडून आली तरी नाही. त्याचा मोबाईल आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

आपल्या भागात एक अडचण आणखी आहे. वडिलांच्या बँक खात्याला मुलाचा मोबाईल क्रमांक जोडलेला असतो, कधी आईच्या आणि चुलत्याच्या खात्यालाही तोच. सोय म्हणून हे केलेले असते. पण अशा एका मोबाईलमध्ये घातक ॲप शिरले तर घरातील तीन-चार खाती एकाच वेळी उघडी पडतात. शक्य असेल तेथे ज्याचे खाते त्याचाच क्रमांक जोडावा. ज्येष्ठांकडे साधा, बटणांचा मोबाईल असेल तर उलट बरेच. त्यात ॲप शिरत नाही.

टॅग आणि दुकान

खोटे पान ओळखायचे कसे, असा प्रश्न नेहमी येतो. त्यावर राजमुद्रा असते, विभागाचे नाव असते, रंगसंगतीही तीच असते. मला वाटते, शेतकऱ्याला याचे उत्तर आधीपासून माहीत आहे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. तो आपण पाहतो, गट क्रमांक पाहतो, उगवणशक्ती पाहतो. पण टॅग खोटा छापता येतो हेही आपण जाणतो. म्हणून बियाणे परवानाधारक दुकानातूनच घेतो, पक्की पावती घेतो आणि पिशवीचा तुकडा हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो. दारात पोते घेऊन आलेल्या अनोळखी माणसाकडून, टॅग कितीही सुबक असला तरी, बियाणे घेत नाही.

तोच नियम येथे लावावा. निरोप, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली लिंक म्हणजे दारात आलेला विक्रेता. आपण स्वतः चालत जातो ते परवानाधारक दुकान म्हणजे आयकर विभागाचे संकेतस्थळ. त्याचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. जून २०२१ पासून विभागाचे हे संकेतस्थळ सुरू आहे. पत्ता स्वतः इंग्रजीत टाइप करून तेथे जावे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा होतो. भामटे पत्त्यात ‘इन्कमटॅक्स’ आणि ‘रिफंड’ हे शब्द सुरुवातीला घालतात, पण शेवट वेगळा ठेवतात. गाव आणि पोस्ट बरोबर लिहून तालुकाच दुसरा टाकावा, तसा तो प्रकार असतो. वाचताना पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय करावी.

विभागाकडून खरे निरोपही येतात, हे मी मुद्दाम सांगतो. सगळे निरोप खोटेच, असे समजून बसले तर खऱ्या नोटिशीकडेही दुर्लक्ष होईल आणि ते नुकसान वेगळेच. म्हणून निरोप खरा वाटो की खोटा, त्यातील लिंकला बोट लावायचे नाही आणि आपल्या वाटेने संकेतस्थळावर जाऊन पाहायचे. खरे काही असेल तर ते तेथे दिसतेच. नोटीस असेल तर तिच्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर हा क्रमांक घालण्याचा नियम आहे, आणि पत्र खरे आहे की नाही हे त्या क्रमांकावरून संकेतस्थळावर तपासता येते.

ओटीपीबाबत थोडा खुलासा हवा. विवरणपत्र भरल्यावर त्याची पडताळणी करण्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि तो संकेतस्थळावर टाकावा लागतो. तो आपण स्वतः, आपण सुरू केलेल्या कामासाठी टाकतो. फोनवरून कोणी ‘आयकर कार्यालयातून बोलतोय’ म्हणून ओटीपी मागितला तर ती गोष्ट वेगळी, तेथे फोन ठेवून द्यावा. परतावा देण्यासाठी विभागाला आपल्या कार्डाचा पिन, पासवर्ड किंवा यूपीआय पिन लागत नाही. पैसे खात्यात येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. तो फक्त पैसे जाताना लागतो. बचत गटातील भगिनींनी एवढे एक वाक्य घरोघरी पोहोचवले तरी पुष्कळ झाले. तसेच परतावा ‘सोडवून’ घेण्यासाठी कोणतेही शुल्क नसते. उलट विलंब झाला तर नियमानुसार विभागच दरमहा अर्धा टक्का दराने व्याज देतो. ‘आधी ९९९ रुपये भरा’ असे म्हणणारा विभागाचा माणूस नव्हे.

जास्त परतावा मिळवून देतो म्हणणारे

आतापर्यंत सांगितलेली फसवणूक बाहेरून येते. दुसरी आपल्या ओळखीतून येते आणि माझ्या मते ती अधिक अवघड आहे. कंपनीच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर, कधी सहकाऱ्याच्या मार्फत एखादा सांगतो, ‘तुझे विवरणपत्र मी भरतो. पगारातून कापलेला सगळा कर परत आणून देतो. आलेल्या रकमेतले इतके टक्के मला.’ पैसे खरोखर खात्यात येतात. चार जणांचे आले की चाळीसजण रांगेत उभे राहतात.

तो करतो काय, तर न दिलेली राजकीय देणगी दाखवतो. नसलेले शैक्षणिक कर्ज, न भरलेले घरभाडे, न झालेल्या आजाराचा खर्च अशा खोट्या वजावटी दाखवून कर कमी करतो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा मध्यस्थांविरुद्ध देशात १५० ठिकाणी एकाच वेळी पडताळणीची कारवाई केली. विभागाने ज्या राज्यांचा उल्लेख केला त्यांत महाराष्ट्राचे नाव होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचेही विभागाने सांगितले.

त्या वेळी विभागाने एक बारीकशी गोष्ट उघड केली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे मध्यस्थ विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ईमेल पत्ते तयार करत आणि काम झाले की ते सोडून देत. पुढे विभागाने पाठवलेल्या नोटिसा त्या बेवारस पत्त्यावर जाऊन पडत. ज्याच्या नावाची नोटीस त्याला पत्ताच नाही! म्हणून दुसऱ्याकडून विवरणपत्र भरून घेणाऱ्या प्रत्येकाने संकेतस्थळावरील आपल्या खात्यात मोबाईल क्रमांक आणि ईमेल आपलाच आहे ना, हे आजच पाहावे. पासवर्ड आपल्याजवळ ठेवावा. भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि त्यातील वजावटी ओळीने वाचाव्यात. न कळलेली ओळ विचारावी.

कायद्याच्या दृष्टीने विवरणपत्र करदात्याचे असते, भरून देणाऱ्याचे नसते. चुकीची माहिती देऊन कर कमी दाखवला असे ठरले तर कराच्या दुपटीइतका, म्हणजे २०० टक्के दंड होऊ शकतो. शिवाय मूळ कर आणि व्याज वेगळेच. ज्यांचे असे विवरणपत्र आधीच भरले गेले आहे त्यांनी नोटिशीची वाट पाहत बसू नये. अद्ययावत विवरणपत्र भरून, जादा कर देऊन चूक सुधारण्याची तरतूद आहे. २०२५ मध्ये तिची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिने करण्यात आली. जितका उशीर तितका जादा कर वाढत जातो. नोंदणीकृत सनदी लेखापाल किंवा अनुभवी करसल्लागार यांच्याकडे जावे. सरळ काम करणारे सल्लागार नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. ते कामाची फी ठरवून घेतात, परताव्यातला हिस्सा मागत नाहीत. हा फरक ओळखण्यासारखा आहे.

शेतीच्या उत्पन्नाबाबतही एक गोष्ट. पगार आणि शेती दोन्ही असणाऱ्यांचे शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ हा सोपा फॉर्म चालत नाही. तरी घाईत तोच भरला जातो आणि शेती दाखवलीच जात नाही. याच्या उलट प्रकारही आहे, दुसऱ्याच उत्पन्नाला शेतीचे म्हणून दाखवण्याचा. शेतीचे उत्पन्न ५ लाखांच्या वर दाखवले तर जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायती की जिरायती, असा तपशील विचारला जातो. तेव्हा बाजार समितीच्या पट्ट्या, खतांच्या पावत्या, सातबारा हे सर्व लागते. सातबारा उतारा आणि पॅनची प्रत कोणालाही उगीच देऊ नये, ती कशासाठी दिली हे प्रतीवर लिहून सही करावी.

बँक खाते ‘थोडे दिवस वापरायला’ देण्याचा प्रकारही वाढला आहे. परतावा कोठेही लाटला तरी तो शेवटी कोणाच्या तरी खात्यातच उतरावा लागतो. मुंबईतील एका प्रकरणात सुमारे २६३ कोटी रुपयांचे बनावट परतावे २०१९ आणि २०२० मध्ये काढल्याचा आरोप आयकर विभागातल्याच एका कर्मचाऱ्यावर झाला. सक्तवसुली संचालनालयाने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे तो पैसा एका व्यवसायाच्या खात्यात उतरवून पुढे वाटला गेला. अशा तपासात ज्याच्या ज्याच्या खात्यातून पैसा गेला तो प्रत्येकजण चौकशीत येतो. हजार-दोन हजार रुपयांसाठी खाते दिलेल्या शेतमजुराचे खातेही गोठवले जाते.

फसवणूक झालीच तर

पहिले काम, १९३० या क्रमांकावर फोन. हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन लागताच कोणत्या खात्यातून, किती वाजता, किती रक्कम गेली आणि व्यवहाराचा क्रमांक काय, एवढे सांगावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. तो कोठेतरी बँकेत असेपर्यंतच गोठवता येतो. एटीएममधून निघाला की हाती लागणे कठीण. केवड्याची फवारणी पाऊस उघडल्यावर लगेच का करावी, हे ज्याला समजते त्याला हे वेगळे समजवायला नको. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने, दुसऱ्या मोबाईलवरून, बँकेला कळवून कार्ड आणि मोबाईल बँकिंग बंद करून घ्यावे. फसलेला मोबाईल इंटरनेटपासून तोडावा, पण त्यातील निरोप, लिंक, कॉलची नोंद पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे. बँकेला कळवल्याची लेखी पोच आणि वेळ घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांत असे तत्त्व होते की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची.

पोलिसांकडे जाताना हद्दीचा प्रश्न निघतो. सातपूर शहर पोलिसांकडे, तर त्र्यंबक रस्त्यावरची पुढची कित्येक गावे ग्रामीण पोलिसांकडे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, पहिली खबर नोंदवण्याची तरतूद आहे. ती शांतपणे सांगावी. आणि ‘तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फी भरा’ असा फोन नंतर आला तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भावबंदांचा समजावा.

खरा परतावा अडकला असेल तर

खोट्या निरोपाला सर्वांत लवकर बळी पडतो तो, ज्याचा खरा परतावा अडकलेला आहे. म्हणून तो का अडकतो तेही सांगतो. मार्च २०१९ पासून परतावा थेट बँक खात्यातच जमा होतो, आणि ते खाते पॅनशी जोडलेले व संकेतस्थळावर आधी पडताळलेले असावे लागते. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक नाव, पॅनवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे, असे सर्रास असते. कोठे वडिलांचे नाव मध्ये आहे, कोठे आडनाव आधी आहे, कोठे ‘रामदास’चे ‘रामभाऊ’ झाले आहे. नाव जुळले नाही की खाते पडताळले जात नाही. दुसरे कारण बँकांच्या विलीनीकरणाचे. २०१९ मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, पुढे इतरही काही बँका एकत्र झाल्या आणि शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले. जुनाच क्रमांक राहिला असेल तर पैसे परत फिरतात. तिसरे कारण साधे आहे. विवरणपत्र भरले, पण ३० दिवसांत त्याची पडताळणीच केली नाही.

यांतले कारण कोणते, ते संकेतस्थळावरील आपल्या खात्यात परताव्याच्या स्थितीसमोर लिहिलेले असते. खाते क्रमांक दुरुस्त करून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती तेथेच, विनाशुल्क करता येते. नावातील फरक मात्र आधी बँकेत किंवा पॅनवर दुरुस्त करून घ्यावा लागतो. बँकेचे शाखाधिकारी या बैठकीला आलेले आहेत. ज्यांनी पासबुक आणि ठेवीची पावती सोबत आणली आहे, त्यांनी व्याजातून झालेल्या कपातीचा आकडा त्यांच्याकडून आताच लिहून घ्यावा.